रोमला उतरून मिलानहून परत : इटलीतली विमानतळं आणि पुढचा रेल्वेप्रवास

मुंबईहून इटलीचं तिकीट काढताना बहुतेक जण रोमचं जा-ये तिकीट काढून मोकळे होतात. मग रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान असं उत्तरेकडे सरकत गेल्यावर शेवटच्या दिवशी सगळं सामान घेऊन पुन्हा रोम गाठावं लागतं. वेगवान गाडीनेही त्याला तीन तास लागतात, ऐनवेळच्या तिकिटाला बरेच पैसे मोजावे लागतात आणि एक दिवस हकनाक जातो. विमान कंपनीच्या साइटवर ‘मल्टि-सिटी’ हा पर्याय निवडून जाताना मुंबई–रोम आणि येताना मिलान–मुंबई असं घातलं की भाडं बऱ्याचदा जवळपास तेवढंच पडतं. एकट्या एमिरेट्सची विमानं दुबईहून रोम, मिलान, व्हेनिस आणि बोलोन्या अशा चार ठिकाणी जातात. विमानतळ निवडायचा तो भाड्याच्या यादीतला पहिला म्हणून नव्हे, तर तिथून पुढे आपल्या मार्गावरची गाडी कुठे मिळते हे बघून.

ऑक्टोबरमधल्या या प्रवासाचा मार्ग असाच ठरवला होता. व्हिसाच्या दृष्टीनेही त्यात अडचण नाही. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. उतरण्याचं आणि निघण्याचं शहर वेगळं असलं तरी चालतं. एक गोष्ट मात्र तिकीट काढतानाच बघून घ्यावी. दुबई, दोहा किंवा अबूधाबीमार्गे गेलं तर शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत शिरतानाची, पासपोर्ट तपासणी इटलीत होते. फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिकमार्गे गेलं तर पासपोर्टची रांग तिथेच लागते, पुढचं विमान देशांतर्गत असल्यासारखं असतं. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला वेळ लागतो. युरोपात विमान बदलणार असाल तर मधे दोन तासांहून कमी वेळ ठेवू नका.

गुरुवार : फ्युमिचिनो ते ट्रास्तेवेरे

रोमचा मोठा विमानतळ फ्युमिचिनो शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्राच्या बाजूला आहे. पट्ट्यावरून बॅगा उचलल्या की ट्रेनच्या पाट्या दिसतात. त्यांच्यामागे गेलं की छताखालच्या पुलावरून थेट स्टेशनात. इथे नवखी माणसं घाईत पहिल्या लाल गाडीत बसतात. या स्टेशनातून दोन वेगळ्या गाड्या सुटतात. लिओनार्दो एक्सप्रेस मधे कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनात, जाते, तिकीट १४ युरो. दुसरी एफएल१ ही लोकल. तिचं तिकीट ८ युरो. ती ट्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तुस्कोलाना, तिबुर्तिना अशी थांबत जाते, पण तेर्मिनीला मुळीच जात नाही. मुक्काम ट्रास्तेवेरे भागात असेल तर लोकलच बरी. अर्ध्या तासात ट्रास्तेवेरे स्टेशन येतं, बाहेर ८ नंबरची ट्राम मिळते, ती जुन्या वस्तीतून थेट पियाझ्झा व्हेनेझियापर्यंत जाते. तेर्मिनीला जाऊन उलटं यायचं म्हणजे ६ युरो जास्त आणि वर बस.

तेर्मिनीलाच उतरायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा : लिओनार्दो एक्सप्रेस स्टेशनच्या अगदी कडेच्या २३-२४ नंबरच्या प्लॅटफॉर्मला लागते. तिथून मुख्य दालनापर्यंत मोठ्या बॅगा ओढत बरंच चालावं लागतं.

चौघं जण आणि चार मोठ्या बॅगा असतील तर हिशेब बदलतो. चौघांची सुटी तिकिटं ५६ युरो होतात. यंत्रावर गटाची सवलत दिसली तर घ्यावीच, पण शहराच्या जुन्या ऑरेलियन तटबंदीच्या आत कुठेही जायला टॅक्सीचा ठरावीक दर ५५ युरो आहे, माणशी नव्हे, गाडीचा, सामानासकट. टॅक्सी पांढरी हवी, तिच्या दारावर दर छापलेला असतो, आणि ती बाहेरच्या रांगेतूनच घ्यायची. आगमनाच्या दारात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणारा माणूस त्या रांगेतला नसतो.

रोमचा दुसरा विमानतळ चिआम्पिनो. युरोपातल्या दुसऱ्या शहरातून स्वस्त विमानाने येणाऱ्यांच्या वाट्याला तो येतो. शहराला तो जवळ आहे, पण टर्मिनलला रेल्वे जोडलेली नाही. आधी बसने चिआम्पिनो गावाच्या स्टेशनात जायचं, तिथून गाडीने पाव तासात तेर्मिनी. रात्री उशिरा उतरणार असाल तर फ्युमिचिनोच बरा.

संध्याकाळी ट्रास्तेवेरेत हवा मऊ होती. ऑक्टोबरात रोमला दुपारी अर्ध्या बाह्या पुरतात, आठ वाजल्यानंतर मात्र अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानात सुप्ली घेतली : टोमॅटोत शिजवलेल्या भाताचा लांबट वडा, मधोमध मोत्झारेला. वडा मोडला की चीजची तार दोन्ही तुकड्यांना धरून राहते. शाकाहारी मंडळींनी घेण्याआधी ‘सेंत्सा कार्ने’, म्हणजे मांस नसलेली आहे ना, असं विचारावं, कारण पारंपरिक सुप्लीत खिमा असतो. आणखी एक बारकावा : पेकोरिनो आणि पार्मेजान या दोन्ही चीजमध्ये दूध साकळवायला प्राण्याच्या जठरातलं रेनेट वापरतात, पेकोरिनोत कोकराचं, पार्मेजानमध्ये वासराचं. ते चालत नसेल त्याने काचो ए पेपे हा पेकोरिनो घातलेला रोमचा लाडका पास्ता सोडून लसूण-मिरची-ऑलिव्ह तेलातला आल्यो ए ओल्यो मागवावा. तो सगळीकडे मिळतो, पोट भरतं आणि आपल्या जिभेला ओळखीचाही लागतो.

शुक्रवार आणि शनिवार : रोम

रोमचं मध्यवर्ती गाव पायी फिरण्याएवढं आहे. बस, ट्राम आणि मेट्रोचं एक तिकीट १.५० युरो, मुदत १०० मिनिटं, त्यात मेट्रोचा एकच प्रवास. कार्ड मेट्रोच्या दारावर किंवा बसमधल्या यंत्रावर टेकवलं तरी चालतं, मात्र एका माणसाला एक कार्ड. दोघांनी एकच कार्ड दोनदा टेकवून भागत नाही. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी गार आणि पिण्याचं. तोटी बोटाने खालून दाबली की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि थेट तोंड लावून पिता येतं.

तेर्मिनीपासून दहा मिनिटांवर एस्क्विलिनोचा बंदिस्त बाजार आहे. शनिवारी सकाळी तिथे मेथी, कारली, हिरव्या मिरच्या, ओलं आलं यांचे ढीग लागलेले. दुकानदार बरेचसे बांगलादेशी, हिंदी छान बोलतात. एका भाजीवाल्या चाचांनी मिरच्या तोलता तोलता विचारलं, “बेटा, आगे कहाँ?” फ्लॉरेन्स म्हटल्यावर त्यांनी सांगितलेला सल्ला सोळा आणे खरा : स्टेशनातल्या तिकीट यंत्राजवळ जो आपणहून मदतीला येतो त्याला हात जोडून नको म्हणायचं. यंत्रावर इंग्रजी असतं, कार्ड चालतं. मदतनीस आधी सुटे पैसे मागतो आणि एकाचं लक्ष त्याच्याकडे गेलं की दुसऱ्याचा हात पाकिटावर. तेर्मिनी आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस या दोन जागी बॅग पुढे छातीवर घ्यावी.

रविवार : रोम ते फ्लॉरेन्स

वेगवान मार्गावर दोन कंपन्या धावतात : सरकारी त्रेनितालियाची फ्रेच्चारोस्सा आणि २०१२पासून सुरू झालेली खासगी इतालो. वेळ दोघींना सारखाच, फ्लॉरेन्सपर्यंत साधारण दीड तास. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. भाडं विमानासारखं चढतं : दोन-तीन महिने आधी वीस-पंचवीस युरोंना मिळणारी जागा आदल्या दिवशी दुपटीवर गेलेली असते. त्रेनितालियाचं सर्वांत स्वस्त ‘सुपर इकॉनॉमी’ तिकीट बदलता येत नाही, गाडी चुकली की गेलं. म्हणून विमानातून उतरल्याच्या दिवशीची गाडी असलं तिकीट काढून धरू नये. त्या दिवसासाठी ‘बासे’ हे पूर्ण दराचं तिकीट, बाकीच्या टप्प्यांना स्वस्त.

तिकिटावरचं स्टेशन नीट वाचायचं. रोमला तेर्मिनी वेगळं, तिबुर्तिना वेगळं. फ्लॉरेन्सला गावाच्या मधोमध असलेलं स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला. काही गाड्या काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबून तशाच पुढे जातात. फलकावर आपलं गाव शोधू नका, कारण तिथे गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. फ्लॉरेन्सची गाडी ‘व्हेनेझिया’ किंवा ‘तोरिनो’ नावाने लागते. तिकिटावरचा गाडी क्रमांक फलकावरच्या क्रमांकाशी जुळवायचा. प्लॅटफॉर्मचा आकडा सुटण्याआधी दहा-पंधरा मिनिटं उगवतो आणि मग सगळी गर्दी एकदम तिकडे धावते. डब्याचा क्रमांक आधीच बघून ठेवला तर दहा डब्यांची पळापळ वाचते. बॅगा ठेवायला डब्याच्या टोकाला फडताळं असतात. आधी चढणाऱ्यांना ती मिळतात, उशिरा आलेल्यांना बॅग गुडघ्याशी धरून बसावं लागतं.

फ्लॉरेन्सला स्वतःचा विमानतळ आहे, पेरेतोला. तिथून टी२ ट्राम वीसेक मिनिटांत सांता मारिया नोव्हेल्लाला आणते, याहून सोपं काही नाही. अडचण धावपट्टीची आहे. ती आखूड आहे आणि जवळच डोंगर आहेत. वारा फिरला की विमानं पिसा किंवा बोलोन्याला वळवली जातात आणि पुढचा प्रवास रात्रीच्या बसने होतो. त्यामुळे परतीचं लांबचं विमान पकडण्यासाठी पेरेतोलाहून जोडविमान घेताना मधे भरपूर वेळ ठेवावा, नाहीतर रेल्वेने थेट मोठ्या विमानतळावर जावं.

फ्लॉरेन्सच्या आजूबाजूच्या तोस्काना प्रांतातली खेडी बघण्यासाठी गाडी भाड्याने घेणारे असतात. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा लागतो. गाडी ताब्यात घ्यायची ती विमानतळावरून, गावातून नव्हे. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी आहे आणि वेशीवर कॅमेरे आहेत. नकाशाच्या ॲपवर विसंबून आत शिरलात तर तिथे कोणी अडवत नाही. दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि गाडी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याचे पैसे वेगळे लावते. प्रत्येक वेशीला दंड स्वतंत्र.

सोमवार : पिसा

सकाळी स्टेशनाकडे जाताना बेकरीत स्क्याच्चाता कोन लुव्हा दिसली. द्राक्षं खुडण्याच्या दिवसांतच, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ही मिळते. पावाच्या दोन पातळ थरांमध्ये आणि वरही काळी, बियांची, बारीक द्राक्षं भरलेली. भट्टीत ती फुटून जांभळा रस कणकेत मुरतो, कडांना साखर जळून काळी चिकट होते. दुकानातल्या बाईंनी आकार हाताने दाखवायला सांगितला, कात्रीने तुकडा कापला आणि वजन करून कागदात गुंडाळला. बिया कडकडा चावायच्या असतात, थुंकायच्या नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. गाडीत बसेपर्यंत कागद जांभळा झाला होता.

पिसाची गाडी लोकल जातीची, आरक्षण नाही, तासभर लागतो, भाडं कायम तेच. आधी काढायची घाई नाही. मात्र कागदी तिकिटाला नियम आहे : चढण्यापूर्वी प्लॅटफॉर्मवरच्या हिरव्या-पांढऱ्या पेटीत तिकिटाचं टोक घालून डावीकडे सरकवायचं, कर्र आवाज होतो आणि तारीख-वेळ उमटते. छापलेली वेळ वाचून बघावी, कारण शाई संपलेली असते तेव्हा आवाज होतो, पण अक्षर उमटत नाही. या गाडीतल्या तिकीट तपासनीस बाईंनी पुढच्या बाकावरच्या एका परदेशी जोडप्याला असंच कोरं तिकीट दाखवल्यावर थांबवलं. त्यांनी पेटी बंद असल्याचं चढतानाच सांगायला हवं होतं. बाईंनी स्वतःच्या पेनाने वेळ आणि स्टेशनचं नाव लिहून दिलं, दंड घेतला नाही, पण सगळे तपासनीस इतके मऊ नसतात आणि दंड तिकिटाच्या कित्येक पट असतो. फोनवरच्या लोकल तिकिटाला पेटी नाही. त्याचं ‘चेक-इन’ झालेलं आहे का, ते मात्र चढण्याआधी ॲपमध्ये बघायचं. वेगवान गाड्यांच्या तिकिटाला यातलं काहीच लागत नाही, त्यावर गाडी आणि जागा दोन्ही छापलेली असते.

मनोरा बघून लगेच परतायचं असेल तर पिसा सेंत्रालेऐवजी सान रोस्सोरे या छोट्या स्टेशनात उतरा. तिथून मनोरा सात-आठ मिनिटांवर, सेंत्रालेहून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. सगळ्या गाड्या सान रोस्सोरेला जात नाहीत, बऱ्याचदा सेंत्रालेला बदलावं लागतं. पिसाचा विमानतळ मात्र सेंत्राले स्टेशनापासून जवळच आहे. पिसामूव्हर नावाची बिनचालकाची छोटी गाडी पाच मिनिटांत नेते. लंडन किंवा युरोपातल्या दुसऱ्या शहरातून फ्लॉरेन्सला येणाऱ्याला पेरेतोलापेक्षा पिसाचं विमान अनेकदा स्वस्त पडतं, आणि पुढे तासाभराची गाडी.

दुपारी सेंत्रालेकडे चालत येताना चेचिना खाल्ली : चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. वरून काळी मिरी. चव थेट आपल्या बेसनाच्या धिरड्याची, फक्त कांदा-कोथिंबीर नाही. गरम पावात घालूनही देतात. अंडं, चीज, मैदा काहीच नसल्याने उपाशी राहिलेल्या शाकाहारी माणसाला हा मोठा आधार आहे.

मंगळवार : फ्लॉरेन्स ते व्हेनिस, बोलोन्यामार्गे

फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा टप्पा ३५-४० मिनिटांचा आणि जवळजवळ सगळा बोगद्यांतला. २००९मध्ये सुरू झालेल्या या सुमारे ७८ किलोमीटरच्या मार्गावर ७०हून अधिक किलोमीटर अपेनाइन डोंगराच्या पोटात आहेत. फोनची रेंज जाते-येते, त्यामुळे तिकिटाचं चित्र आधीच उतरवून ठेवावं.

बोलोन्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण इटलीच्या रेल्वेची गाठ इथे आहे आणि आपले लोक ते बघतच नाहीत. इथून फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत, मिलान सव्वा तासाच्या आत, व्हेनिस दीड तासावर. विमानतळावरून मार्कोनी एक्सप्रेस ही उन्नत मार्गावरची छोटी गाडी सात-आठ मिनिटांत मुख्य स्टेशनात आणते. ती २०२०मध्ये सुरू झाली, त्याआधी बसवर अवलंबून राहावं लागे. रोम वगळून फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान एवढंच बघणाऱ्या कुटुंबाने, विशेषतः दुसऱ्यांदा इटलीला येणाऱ्यांनी, दुबईमार्गे बोलोन्याला उतरून बोलोन्याहूनच परतावं. तिथे मल्टि-सिटीचीही गरज पडत नाही. विमानतळ लहान आहे, चालणं कमी आणि गोंधळही कमी.

बोलोन्या सेंत्राले मात्र लहान नाही. वेगवान गाड्यांचे १६ ते १९ नंबरचे प्लॅटफॉर्म जमिनीखाली खोल आहेत. वर लोकलच्या प्लॅटफॉर्मला यायला दोन-तीन सरकते जिने. ॲप सात-आठ मिनिटांची जोडगाडी सुचवतं, ती सामानासकट जमत नाही. वीस मिनिटं तरी ठेवा. वेळ जास्त असेल तर स्टेशनाच्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ बघून या. ते १० वाजून २५ मिनिटांवर थांबवलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या क्षणी इथल्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली.

पुढे पाडोवा, मग मेस्त्रे. इथे अर्धा डबा उठून उभा राहतो. मेस्त्रे म्हणजे जमिनीवरचं व्हेनिस, हॉटेलं स्वस्त. पाण्यातलं व्हेनिस पुढच्या सांता लुचिया स्टेशनात. तिकीट कुठपर्यंत आहे आणि हॉटेल कुठे आहे, हे दोन्ही तपासून मगच उठायचं. मेस्त्रेनंतर गाडी खाडीवरच्या लांब पुलावर येते, दोन्ही बाजूंना फक्त पाणी. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की पायऱ्यांखाली थेट ग्रँड कॅनॉल, होड्यांचे भोंगे आणि डिझेलचा वास. रस्ता नाहीच. ही जागा पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण पायऱ्यांवर थबकतो आणि मागच्याची बॅग त्याच्या पोटरीला लागते.

व्हेनिसला विमानाने येणाऱ्यांसाठी मार्को पोलो विमानतळ जमिनीवर, तेस्सेरा गावाजवळ आहे. बस वीस-पंचवीस मिनिटांत पियाझ्झाले रोमापर्यंत आणते, चाकांची वाहनं त्यापुढे जात नाहीत. अलिलागुनाची होडी सान मार्कोपर्यंत जाते, पण तासाहून जास्त वेळ घेते. मुक्काम तिच्या धक्क्याजवळ असेल तरच ती घ्यावी. मेस्त्रेत राहणाऱ्यांनी मेस्त्रे स्टेशनची थेट बस धरावी. ‘व्हेनिस त्रेव्हिझो’ नावाने विकला जाणारा विमानतळ त्रेव्हिझो गावाजवळ आहे, तिथून बसला बराच जास्त वेळ लागतो.

बुधवार : व्हेनिस

पहाटे पाऊस आणि वाऱ्यामुळे भरती चढलेली. सान मार्को चौकात लाकडी फळ्यांचे उंच मार्ग मांडलेले होते आणि गटारांच्या जाळ्यांतून पाणी शांतपणे वर येत होतं. मोठ्या भरतीला २०२०पासून खाडीच्या तोंडावरचे मोझे नावाचे पोलादी दरवाजे उभे करतात. साधारण ११० सेंटिमीटरच्या अंदाजाला ते उचलले जातात. त्याहून कमी भरतीला दरवाजे खालीच असतात, आणि चौक शहरातली सर्वांत सखल जागा असल्याने आधी तिथे पाणी येतं. दोन तासांत ओसरतं. गुडघ्यापर्यंतचे प्लास्टिकचे बूट लगेच विकत घेण्याऐवजी कॉफी पीत थांबावं, उभ्याने. बसून प्यायलात तर चौकातल्या कॉफीचे कित्येक पट पैसे.

व्हापोरेत्तो, म्हणजे होडीची बस, ७५ मिनिटांना ९.५० युरो. एक दिवसाचा पास २५ युरो, तीन दिवसांचा ४५. दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तरच पास परवडतो. हॉटेल निवडताना नकाशावरचं अंतर बघू नका, मधले पूल मोजा. प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत आणि वीस किलोची बॅग पायऱ्यांवर उचलूनच न्यावी लागते. सांता लुचियापासून एकही मोठा पूल न ओलांडता जाता येईल असं हॉटेल दहा-वीस युरो महाग असलं तरी घ्यावं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर घ्यावंच. उन्हाळ्याच्या आसपासच्या ठरावीक तारखांना एका दिवसापुरतं येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेतं. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे, पण त्याची नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो.

गुरुवार : व्हेनिस ते मिलान

अडीच तासांचा प्रवास. उजव्या खिडकीजवळची जागा घ्या. व्हेरोना गेल्यावर पेस्किएरा आणि देसेन्झानोच्या दरम्यान गार्दा तलाव त्याच बाजूला दिसतो. त्या दिवशी सपाट मुलखावर धुकं होतं आणि तलाव मधूनमधूनच उजळत होता. ब्रेशियाला एक सरदारजी चढले. पो नदीच्या या खोऱ्यातल्या गोठ्यांमध्ये पंजाबी माणसं पिढी-दीड पिढीपासून आहेत. ग्राना पादानो चीजचं दूध बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच हातून निघतं. हेही गोठ्यातच कामाला होते. पहाटे तीनला पहिली धार, दुपारी तीनला दुसरी, असा दिवस त्यांनी सांगितला. आणि दुसऱ्या दिवशीच्या संपाची बातमीही त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळली.

मिलानच्या नावावर तीन विमानतळ विकले जातात. लिनाते शहराला खेटून आहे. मेट्रोची एम४ लाइन तिथून शहराच्या मध्यावरच्या सान बाबिलाला सुमारे १२ मिनिटांत आणते, तिकीट २.२० युरो. युरोपातलं जोडविमान घ्यायचं तर हा उत्तम. माल्पेन्सा वायव्येला सुमारे ५० किलोमीटरवर. आखाती देशांकडे आणि भारताकडे जाणारी विमानं इथून. बेर्गामोचा ओरिओ अल सेरिओ हाही तेवढाच लांब, पण पूर्वेला, बेर्गामो गावालगत. तिथून मिलानला बसने तासभर. ‘मिलान’ लिहिलेलं स्वस्त तिकीट बेर्गामोचं आणि पुढचं विमान माल्पेन्साचं असं जुळवलं तर दोन्ही विमानतळांमध्ये मिलान आडवं येतं. अशा जोडणीला पाच तासही कमी पडू शकतात.

माल्पेन्सा एक्सप्रेस दोन वाटांनी जाते. कादोर्ना स्टेशनातून सुटणारी जलद, चाळीसेक मिनिटं. सेंत्राले या मुख्य स्टेशनाहून सुटणारी पन्नासच्या वर. भाडं १३ ते १५ युरोंच्या घरात. मुक्काम दुओमोच्या, म्हणजे मुख्य कॅथीड्रलच्या, आसपास असेल तर कादोर्ना सोयीचं, रेल्वेने येऊन थेट विमान पकडायचं असेल तर सेंत्राले. टॅक्सी शंभर युरोंच्या वर जाते.

रात्री केशरी रिसोत्तो मागवताना विचारून घ्यावं : मिलानी रिसोत्तोत गाईच्या हाडातला मगज आणि मांसाचं पाणी असतं. भोपळ्याचा रिसोत्तो या दिवसांत सगळीकडे असतो, पण त्यातही रस्सा भाजीचा आहे का, ते विचारायचंच.

शुक्रवार : संपाच्या दिवशी माल्पेन्सा

इटलीत रेल्वेचे संप बहुधा गुरुवारी रात्री ९ ते शुक्रवारी रात्री ९ असे असतात. कायद्याने किमान दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर यादी लागते. ‘शोपेरो’, म्हणजे संप, हा शब्द घालून ती यादी निघण्याआधी बघितली तर पळापळ टळते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल गाड्या चालवणं बंधनकारक असतं. विमानांच्या संपात ही राखीव वेळ सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ अशी असते. उन्हाळ्यात, २७ जुलै ते ५ सप्टेंबर, विमान वाहतुकीत संप करता येत नाही.

रात्री साडेनऊचं विमान असल्याने संध्याकाळी सहाच्या राखीव गाडीवर विसंबणं धोक्याचं होतं. पर्याय दोन होते : कादोर्नाहून संपाच्या काळात लावल्या जाणाऱ्या बदली बसेस, किंवा सेंत्राले स्टेशनाच्या बाजूच्या रस्त्यावरून नेहमीच सुटणाऱ्या खासगी बसेस, दहाएक युरो, साधारण तासभर. खासगी बस दुपारी तीनला धरली. रांग लांब होती, पहिल्या बसमध्ये जागा मिळाली नाही. शुक्रवारी दुपारी महामार्गावर आठवडाअखेरची गर्दी लागते, त्यामुळे तासाचे सव्वा दोन तास झाले. तरी हातात तीन तासांहून जास्त उरले.

ते लागतातही. एका दुकानातून एका दिवशी ७० युरोंहून जास्त खरेदी केली असेल आणि दुकानातून टॅक्स-फ्री कागद घेतला असेल तर कर परत मिळतो. वस्तू चेक-इनच्या बॅगेत असेल तर कस्टमचं काम बॅग देण्याआधी उरकायचं, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. त्यानंतर पासपोर्टची रांग, तिथे जातानाही ठशांची पडताळणी. विमानाला उशीर होऊन मुक्कामी तीन तासांहून उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर युरोपातून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला भरपाईचा नियम लागू आहे. ३५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला ६०० युरोंपर्यंत. बोर्डिंग पास त्यासाठी जपून ठेवा.

बस आधी कुठल्या टर्मिनलला थांबते ते चालकाला विचारून घ्या. दुबई, दोहा, अबूधाबी, दिल्लीची विमानं टर्मिनल १ वरून सुटतात, टर्मिनल २ ईझीजेटचं. चुकून दुसरीकडे उतरलात तर दोन्हींमध्ये मोफत बस चालू असते, पण त्यासाठी हाताशी वीस मिनिटं हवीत.